जेवला का रं?

भिंगार,
गुरुवार, १४ सप्टेंबर १९७२

चि. रंगनाथ,

हे पत्र रिळाच्या डब्यातच घालून सहादू कंडक्टरच्या हाती देते आहे. तू आधी रीळ काढून घेशील आणि पत्र खिशात कोंबशील, हे मला माहीत आहे. आज तेवढं उलटं कर.

तुझं टिपण काल मिळालं. लिहिल्याप्रमाणे माझी सगळी वाक्यं बोलले. 'हो का?' दोनदा, 'काय सांगतोस!' एकदा, आणि रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी थापताना तुटू नये म्हणून पीठ उकळत्या पाण्यात कसं भिजवायचं ते सगळं. तुझ्या बोलण्यासाठी मनात दहा आकडे मोजून मधे जागा सोडली आहे. लोकांना वाटतं, रेडिओवरच्या 'एक घर, दोन गावं' मधले बहीणभाऊ दर रविवारी पावणेसातला समोरासमोर बसून गप्पा ठोकतात. त्यांना काय ठाऊक, इथे मी भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलते, तिथे तू बंद खोलीत बोलतोस आणि तुमचा आसाराम दोन्ही फिती ब्लेडने कापून एकमेकींना चिकटवतो. दोन वर्षांत आपण एकदाही तोंडाने बोललेलो नाही.

आता मुद्द्याचं. छावणीतल्या मेजरीणबाई त्यांचा टेपरेकॉर्डर मला गुरुवारी देतात. माझा शिवणवर्ग संपला की मी तो गोधडीत गुंडाळून क्वार्टरवर आणते. आतापर्यंत आई लांब बसायची. आज माझं बोलणं संपलं, मी बटण दाबायला गेले, तर ही सरकत सरकत पुढे आली, माईकला तोंड लावलं आणि म्हणाली, "रंगा, जेवला का रं?"

आणि थांबली. तुझ्या उत्तरासाठी, रंगा. तिला वाटतं हा टेलिफोन आहे. फीत फिरत राहिली, ती वाट बघत राहिली. शेवटी म्हणाली, "कामात आसंल," आणि चुलीकडे गेली.

बाबा गेल्यावर त्यांच्या जागी डेपोत मिळालेली नोकरी सोडून तू पुण्याला निघालास, त्या दिवशी ती काय म्हणाली ते तुलाही पाठ आहे आणि मलाही. "गेलास तर या उंबऱ्याला पुन्यांदा पाय लावू नको." तू शब्दाचा पक्का निघालास. ती किती पक्की आहे हे आज मला कळलं.

ते वाक्य कापू नकोस. रविवारी एवढंच म्हण, 'जेवलो गं आई.' तीन शब्द आहेत.

तुझी,
अक्का


पुणे,
मंगळवार, १९ सप्टेंबर १९७२

प्रिय अक्का,

नमस्कार. पत्र आधी वाचलं, शपथ. पण रविवारी तू ऐकलं असशीलच, ते वाक्य गेलं नाही. रागावण्याआधी माझी बाजू ऐक. खाजगी निरोप रेडिओवर द्यायचे नाहीत असा इथला कडक नियम आहे. केंद्रावरचे साहेब एकेक शब्द तपासतात. मागे एका कीर्तनकाराने जाता जाता जावयाला आशीर्वाद दिला, तो पुन्हा दिसला नाही. मी इथला कायमचा माणूस नाही, तीन-तीन महिन्यांच्या करारावरचा आहे. आसारामने ब्लेड फिरवलं आणि आई खाली टोपलीत पडली. वाईट वाटलं, पण काय करणार.

तू आईला समजावून सांग की तो टेलिफोन नाही. आणि जेवणाची काळजी तर मुळीच नको म्हणावं. आमच्या खाणावळीत साजूक तुपाची धार असते. चार मित्र सोबत असतात, हसूनखेळून जेवतो. खोलीही प्रशस्त आहे, खिडकीतून पर्वती दिसते.

आता कामाचं. साहेबांना तुझं हसणं फार आवडलं आहे. म्हणतात, ताई हसल्या की कार्यक्रमाला ऊब येते. पण दर वेळी माझ्या विनोदाला तू हव्या त्या ठिकाणी हसतेसच असं नाही. तर एक सबंध रीळ नुसत्या हसण्याचं करून पाठव. मोठं हसू, गालातलं, 'चल, काहीतरीच' असं म्हणून येणारं. सात-आठ प्रकार पुरेत. आम्ही लागेल तसं कापून लावू.

तुझा,
रंगा


भिंगार,
गुरुवार, २८ सप्टेंबर १९७२

चि. रंगनाथ,

सोबत हसण्याचं रीळ आहे. सगळे मिळून अकरा प्रकार झाले. दार लावून, भिंतीकडे तोंड करून एकटीच हसत बसले होते. कारण नसताना हसून बघ एकदा, म्हणजे कळेल काय ते. तिसऱ्या हसण्यानंतर डोळ्यांत पाणी आलं, ते हसल्यामुळेच आलं असं धरून चाल. चौथं हसणं जरा घोगरं वाटेल.

आईला सांगितलं, तो टेलिफोन नाही, पलीकडे कुणी नसतं. तर म्हणते, "मंग तू कोनाशी बोलती?" याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

मागच्या गुरुवारीही तिने विचारलं. आजही विचारलं. "रंगा, जेवला का रं?" आणि मग थांबणं. रविवारी साडेसहालाच हातपाय धुऊन रेडिओपुढे बसते. तू पुण्याच्या बसवर बोललास, मंडईवर बोललास, 'नमस्कार' म्हणालास, पुढची भजनं सुरू झाली तरी ही हलेना. "इसरला आसंल," म्हणाली, "फुडल्या येळंला सांगंल."

रेडिओचा कान पार शेवटपर्यंत पिळते हल्ली. पलीकडच्या छबूबाई परवा दारात येऊन मला म्हणाल्या, "भागाबाई, तुमचा रंगा आमच्या घरात येऊन वरडतोय जनू! लई मोठा आवाज हाय बाई." मी आवाज कमी केला की आई पुन्हा वाढवते. काल दूध उतू जाऊन चूल विझली, ही पाठ करून शेजारीच बसलेली होती. वय झालं, दुसरं काय.

टँकर एक दिवसाआड येतो. शिवणवर्गातल्या निम्म्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या, चारपैकी दोन मशिनी नुसत्याच पडून असतात. मेजरीणबाईंना त्यांच्या मेजरसाहेबांची फीत सीमेवरून आली. ती त्या माझ्यासमोरच लावतात. मला पंजाबी कळत नाही, म्हणून लावत असाव्यात.

तीन शब्दांचं विसरू नकोस.

अक्का


पुणे,
मंगळवार, ३ ऑक्टोबर १९७२

प्रिय अक्का,

तू कमाल आहेस! दूध आणि रेडिओचा किस्सा मी परवाच्या भागात घातला. 'आमच्या आईचा रेडिओ भिंगारात लागतो आणि ऐकू येतो नगरच्या किल्ल्यात!' असं म्हणालो, त्यावर तुझं सहावं हसणं लावलं. इतकं चपखल बसलं की आसारामला क्षणभर वाटलं तू इथेच आहेस. साहेबांनी पाठ थोपटली.

श्रोत्यांची एकेचाळीस पत्रं आली या आठवड्यात. तिसगावच्या एका म्हाताऱ्याने लिहिलंय, 'माझी बहीण पाच कोसांवर राहते. बांधावरून भांडण झालं, नऊ वर्षं बोललो नव्हतो. तुमच्या दोघांचं बोलणं ऐकून लाज वाटली. गेल्या बाजारी तिच्या दारात जाऊन बसलो.' पत्र वाचून स्टुडिओतले सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी चहा आणायला म्हणून बाहेर गेलो.

अक्का, तू फिरून फिरून तेच लिहितेस. मी काय वैरी आहे का तिचा? उंबऱ्याचा शब्द तिने टाकला, तिनेच तो उचलावा. 'ये' म्हणावं एकदा. दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच आहे. मग नियम गेला खड्ड्यात.

या आठवड्याची वाक्यं मागच्या पानावर आहेत. हसणी पुरेशी आहेत, नवीन नकोत.

रंगा


भिंगार,
गुरुवार, १९ ऑक्टोबर १९७२

रंगनाथ,

मागच्या गुरुवारी रीळ पाठवलं नाही, आजही पाठवत नाही. सहादू म्हणाला, "बाई, डबा कुटंय? रंगासाहेब स्टँडवर वाट बगत्यात." त्याला म्हटलं, डबा हरवला.

तुझा विनोद ऐकला. शिवणवर्गात बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. "बाई, तुमी बी काय हसल्या वो आईला!" भीमाबाई म्हणाली. मी कधी हसले, रंगा? मी त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून हसले होते. तू ते उचललंस आणि आईच्या अंगावर टाकलंस. हौसेने दिलेली साडी कुणी पायपुसणं करावी तसं झालं.

आणि आई? ती रेडिओपुढे बसून मान हलवत होती. तुझं कौतुक वाटत असल्यासारखी. ते बघून मला जास्त लागलं.

'ये' म्हणावं म्हणतोस. अरे, पुणतांब्याच्या त्या घरात ती वाढली, जिथे बायकांनी पुरुषाला 'चुकलं माझं' असं तोंडाने कधी म्हटलं नाही आणि पुरुषांनी तर नाहीच. भांडण झालं की ताट वाढून ठेवायचं आणि हाक मारायची, 'जेवून घ्या.' संपलं भांडण. बाबांचं आणि तिचं असंच मिटायचं, तू काय बघितलं नाहीस? 'जेवला का रं' हेच तिचं 'ये' आहे. सहा आठवडे ती तुला ये म्हणते आहे आणि गेलेल्या चारही रिळांतून तू ते टोपलीत टाकलंस.

मी मधल्या मधे झिजले. तिचं तुला कळवायचं, तुझं तिला, आणि रविवारी दोघांच्या वतीने हसायचं. माझं स्वतःचं असं कुणी विचारत नाही. असो. तू रेडिओवर उत्तर देशील तर मी बोलेन. नाहीतर दुसरी ताई शोध, पुण्यात पुष्कळ मिळतील.

भागीरथी


पुणे,
सोमवार, ३० ऑक्टोबर १९७२

प्रिय अक्का,

तीन रविवार तुझ्या जुन्या फितींतून 'हो का' आणि 'काय सांगतोस' काढून भागवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. तू आधीच दिलेल्या उत्तरांना मी नवे प्रश्न विचारत होतो.

तुझं पत्र खूप वेळा वाचलं. विनोदाचं चुकलं माझं. बघ, मी तोंडाने म्हणतो आहे.

येत्या रविवारी, ५ तारखेला, लक्ष्मीपूजन आहे. दिवाळीचा भाग म्हणून गप्पांत फराळ आणायला साहेबांची हरकत नाही. तुझ्या जुलैच्या एका फितीत तू मला 'जेवण झालं का तुझं?' असं विचारलं आहेस, ते मी शोधून काढलं. त्यावर मी उत्तर देणार आणि त्यात 'आई' म्हणणार. साहेबांना खटकलं तर डिसेंबरात करार वाढणार नाही. बघू.

आईला रेडिओपुढे बसव. आवाज हवा तेवढा मोठा कर, छबूबाईंना म्हणावं दिवाळी आहे.

रंगा


भिंगार,
सोमवार, ६ नोव्हेंबर १९७२

प्रिय रंगा,

काल आईला न्हाऊ घातलं. मोरपंखी लुगडं नेसली. पणत्या दोनच लावल्या, तेलाची ओढ आहे. साडेसहापासून रेडिओपुढे होतो दोघी. छबूबाईही येऊन बसल्या.

तू बोललास. "जेवलो गं आई, अगदी पोटभर. बासुंदी होती आज." स्वच्छ ऐकू आलं. छबूबाईंनी डोळे पुसले. मी आईकडे बघितलं.

आई रेडिओच्या हिरव्या दिव्याकडे बघत मान हलवत होती. कार्यक्रम संपला तेव्हा मला म्हणाली, "काय म्हनला?"

आता खरं सांगते. आईला ऐकू येत नाही. वर्षभर कमी कमी होत होतं. पितृपंधरवडा लागेपर्यंत रेडिओ पूर्ण पिळला की येत होतं, म्हणून तर मी तुझ्या मागे लागले होते. नंतर तेही गेलं. नगरच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी टाकून बघितलं आणि आता काही होण्यासारखं नाही म्हणाले. दर रविवारी ती माझ्या तोंडाकडे बघते आणि मी हसले की हसते. मी तुला कळवलं नाही, कारण मला भीती वाटली. तिला ऐकू येत नाही म्हटल्यावर तू उत्तर द्यायचं कारणच उरलं नसतं. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, आठवड्यातून एकदा तुझा आवाज या खोलीत येतो, तोही कशासाठी येणार? ती बोलते ते मी ऐकते, मी बोलते ते तिला जात नाही. दिवसभर घरात माझ्याशी बोलायला कुणी नाही, रंगा. कॅलेंडर तेवढं आहे.

सप्टेंबरात तू बोलला असतास तर तिने ऐकलं असतं. हे तुला दुखवायला लिहीत नाही, पण खरं आहे म्हणून लिहिते.

तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "जेवला म्हणतो! बासुंदी होती म्हणतो!" तिने ओठांवरून ओळखलं. मग म्हणाली, "तू म्हनती. त्यो कुटं म्हनला?"

आणि आणखी एक. या दुष्काळात कुठली खाणावळ बासुंदी करते? माझी अकरा हसणी तुला वेगवेगळी ओळखू येतात, तसा तुझा उपाशी आवाज मला ओळखू येतो. लहानपणापासून येतो.

भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तयार ठेवते. दर वर्षी ठेवते. चंद्राला ओवाळते आणि पुसून ठेवते.

अक्का


पुणे,
मंगळवार, १४ नोव्हेंबर १९७२

प्रिय अक्का,

तुझं पत्र भाऊबीजेच्या सकाळी हातात पडलं. मी तसाच शिवाजीनगरच्या स्टँडवर गेलो. सहादूची गाडी लागलेली होती. त्याने मला पुढच्या बाकावर बसवलं, "चला साहेब, आज डब्याच्या जागी तुमीच," म्हणाला. शिरूरपर्यंत आलो. घोडनदीचा पूल दिसला आणि मनात नको नको ते येऊ लागलं. दोन वर्षांनी जाऊन आईला तोंड कसं दाखवायचं, ती मागचं काढून काय बोलेल, मी काय बोलेन, आणि बोललो तरी तिला जाणार नाही. चहाला गाडी थांबली, तेव्हा उतरलो तो परत चढलोच नाही. समोरून येणाऱ्या गाडीने पुण्याला आलो. तू त्या संध्याकाळी चंद्राला ओवाळलंस तेव्हा मी स्टँडवरच्या बाकावर बसून तोच चंद्र बघत होतो. सहादूने तुला काही सांगितलं नसणार. मीच त्याला शपथ घातली होती.

चार मित्र नाहीत, अक्का. एक आसाराम आहे, त्याचं घरदार आहे. माझी खोली म्हणजे एका छापखान्यामागची पत्र्याची शेड आहे, पर्वती दिसायला छपरावर चढावं लागेल. आणि खाणावळ दर रविवारी संध्याकाळी बंद असते. पुण्यातल्या सगळ्याच असतात. आपला कार्यक्रम पावणेसातला लागतो, मी तो समोरच्या पानवाल्याच्या रेडिओवर उभ्याने ऐकतो, तुझं हसणं ऐकतो आणि खोलीवर जाऊन तांब्याभर पाणी पिऊन पडतो. आईचा प्रश्न बरोबर त्याच वेळी रेडिओवर लागला असता आणि मी तो कापत होतो. बासुंदी म्हणालो तेव्हा सकाळपासून शेंगदाण्यांवर होतो. तुला कळलंच ते.

साहेबांना 'गं आई' खटकलं, हा खाजगी निरोपच झाला म्हणाले. डिसेंबरनंतर कार्यक्रम नाही. पुढचे भाग मी तुझ्या जुन्या फितींतून आधीच करून ठेवले आहेत. येत्या रविवारचाही तयार आहे. त्यामुळे रविवारी पावणेसातला मी रेडिओवर तुझ्याशी गप्पा मारत असेन आणि त्याच वेळी सहादूच्या गाडीतून भिंगारच्या नाक्यावर उतरत असेन. या वेळी शिरूरला चहा घेणार नाही. सहादूला सांगून ठेवलं आहे, मी उठलो तर धरून बसव म्हणून. तो म्हणाला, "दोरीनं बांधतो की!"

टिपण पाठवत नाही. काय बोलायचं ते मला ठाऊक नाही, तुलाही आधी लिहून देता येणार नाही. आपल्या दोघांची समोरासमोर बोलायची सवय मोडली आहे, सुरुवातीला जड जाईल. तू मनात दहा आकडे मोजायला लागलीस तर मला सांग.

आईला मी येतोय म्हणून ओरडून सांगू नकोस. ती पुन्हा 'तू म्हनती' म्हणेल आणि ते खरंच आहे. रविवारी रेडिओही लावू नकोस. नुसती तीन ताटं मांड. ती विचारेल, तिसरं कुणाचं. काही सांगू नकोस, तिला दाराकडे तोंड करून बसव.

मी त्या दिवशी सकाळपासून काही खाणार नाही. या खेपेला तिने विचारलं तर मला खरं सांगता आलं पाहिजे.

तुझा,
रंगा